कामानिमित्त कोल्हापुरात मुक्काम असताना स्वस्त आणि नीट कसं जेवावं

बँकांच्या ऑडिटसाठी मी वर्षातून चार-पाच वेळा कोल्हापुरात येते. आले की दहा-बारा दिवस मुक्काम ठरलेला. सुरुवातीची दोन वर्षं मी रोज रात्री स्टेशन रोडच्या आसपास कुठल्या तरी हॉटेलात जेवत होते. कधी मटण थाळी, कधी पनीर आणि बटर रोटी, सकाळी मिसळ. घरी परतताना पित्त खवळलेलं असायचं आणि ऑफिसच्या भत्त्यात खिशातले पैसे घालावे लागायचे. आपल्याला कोल्हापूरचं जेवण झेपत नाही, अशी माझी समजूत झाली होती.

ती समजूत एका शाखेत मोडली. दुपारी तिथल्या शिपाईमामांनी डबा उघडला. दोन जोंधळ्याच्या भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा, वाटीभर दही आणि कडेला बोराएवढा खर्डा. त्यांना विचारलं, रस्सा नाही का? ते म्हणाले, "मॅडम, रस्सा रविवारी. रोज खाल्ला तर कामाला कोण येणार?" मग लक्षात आलं की कोल्हापूरकर पाहुण्याला जे वाढतो ते मी रोज खात होते, आणि तो स्वतः घरी जे खातो ते मला माहीतच नव्हतं. पुढचं सगळं त्या डब्यावर उभं आहे: घरी शिजतं ते रोज खायचं आणि पाहुणचाराचं जेवण आठवड्यातून एकदा, मन लावून.

निघण्याआधी बॅगेत काय

झाकणाचे दोन स्टीलचे डबे, ताटली, चमचा, बारीक सुरी, दोन स्वच्छ सुती रुमाल आणि छोटी विजेची किटली. किटली घेताना तिच्या बुडावर लिहिलेले वॅट बघा. खोलीतल्या बारीक पिनांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला ते जेमतेम १३८० वॅट सोसतं. दीड लिटरची नेहमीची किटली १५०० वॅटची असते. ती त्यात लावली तर प्लग तापतो, कधी पूर्ण मजल्याची वीज जाते. सहाशे ते आठशे वॅटची, अर्धा लिटरची किटली पुरते. लॉजवाल्यांना आधी विचारून घ्या, आणि किटलीत फक्त पाणीच उकळा. लॉजच्याच किटलीत अंडी उकडणारे, नूडल्स शिजवणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्यामागून त्या खोलीत येणाऱ्याला त्यातच चहाचं पाणी उकळायचं असतं, एवढं ध्यानात ठेवावं.

कोरड्या सामानात पातळ पोहे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि जिरेपूड. फुटाणे, चिरमुरे, गूळ इथेच घ्या, ते इथे चांगले मिळतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि शाहूपुरीत त्याची जुनी बाजारपेठच आहे.

खोली ठरवताना फोनवर विचारायचं

भाड्यात नाश्ता धरला आहे का? बाहेरचा डबा खोलीत आणलेला चालतो का? पिण्याचं गरम पाणी मिळतं का? आणि जवळात जवळ घरगुती खानावळ कुठे आहे? शेवटच्या प्रश्नावर काउंटरवरचा माणूस "आमचंच रेस्टॉरंट आहे की" असं म्हणाला तर तोच प्रश्न रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा. तो रोज कुठेतरी जेवतोच, आणि स्वतःच्या पैशानं जेवतो.

नाश्ता भाड्यात असेल तर अंडी, उपमा किंवा पोहे आणि फळ घ्या. पुरीभाजी आणि खोक्यातला रस सोडा. खोलीत फ्रीज असेल तर पाचशे रुपये जास्त देऊ नका. दहा दिवसांत त्यात ठेवण्यासारखं दूध आणि दही एवढंच असतं, आणि ते रोज ताजं मिळतं.

पहिल्या संध्याकाळी खानावळ शोधायची

पहिल्या संध्याकाळी दमून लॉजच्याच रेस्टॉरंटमध्ये बसलात की पुढचे दहा दिवस तिथेच बसता. म्हणून सामान टाकून अर्धा तास पायी फिरा. मध्यवर्ती बसस्थानकाच्या मागच्या गल्ल्या, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी इथे आसपासच्या दुकानांत काम करणाऱ्यांसाठीच्या खानावळी सापडतात. राजारामपुरीत आणि शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला विद्यार्थ्यांमुळे मेस पुष्कळ. काम शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असेल, तर दुपारचं जेवण तिथल्या कामगारांच्या खानावळीत घ्या आणि रात्रीचं शहरात.

चांगली खानावळ ओळखायची माझी खूण सोपी आहे. भाकरी समोर थापली जात असावी, फळ्यावर भाज्या दोन-तीनच असाव्यात, आणि जेवणारे रोजचे असावेत. रोजचा माणूस बसल्या बसल्या "आज काय?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला जातो. जिथे पन्नास पदार्थांचं कार्ड आहे तिथे एकच ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार असते आणि वरून पनीर, काजू किंवा मटार बदलतात. त्या ग्रेव्हीतलं तेल आणि मीठ आपल्याला कमी करून मिळत नाही. खानावळीत मात्र मागितलं की मिळतं.

मागायचं कसं, हेही महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी मालकिणीशी बोला. मी माझ्या खानावळीच्या मावशींना सांगितलं, "मावशी, दहा दिवस आहे. दोन्ही वेळेला येईन. मला भात नको, त्याऐवजी उसळ जास्त द्या, आणि वरचं तेल वाढू नका." त्या म्हणाल्या, "देतो की. आधी सांगितलं असतं तर भाजी बिनतेलाचीच काढून ठेवली असती." (इथल्या बायका ‘देतो’, ‘करतो’ असंच बोलतात, पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते, मग आपल्याही तोंडी येतं.) मेसचं कुपन महिन्याचं असतं, पण दहा दिवसांचे पैसे आगाऊ दिले तर बहुतेक जण तयार होतात आणि दरही थोडा उतरतो. एकट्या बाईला रात्री बाहेर जेवायचं अवघड वाटत असेल तर रात्रीचा डबा संध्याकाळी सातला घेऊन खोलीवर यावं. तो गरम असतानाच खावा; शिजलेलं अन्न खोलीत दोन तासांहून जास्त उघड्या हवेच्या तापमानाला ठेवू नये, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

ताटात किती आणि काय

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा सांगितला आहे. बाहेर जेवणाऱ्याच्या ताटात नेमकी हीच जागा रिकामी राहते, कारण हॉटेलात भाजी म्हणजे बहुधा बटाटा किंवा पनीर. ती भरून काढायला संध्याकाळी मंडईत जावं लागतं. महाद्वार रोडजवळची कपिलतीर्थ मंडई किंवा रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार. दोन काकड्या, दोन टोमॅटो, एक गाजर, चार केळी, दोन पेरू, दोन लिंबं. एका वेळी दोन दिवसांचंच घ्या. मिनरल पाण्यानं धुवायची गरज नाही, पण नळाखाली चोळून धुवा आणि शेवटचं पाणी किटलीत उकळून निवलेलं वापरा. जेवायला जाताना मी एक काकडी सुरीसकट पिशवीत नेते. खानावळीत त्याचं कुणाला काही वाटत नाही.

दुसरी उणीव प्रथिनांची. मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. माझं वजन ६० किलो, म्हणजे मला ५० ग्रॅम हवीत. ही बेरीज इथे फार स्वस्तात होते. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम. पाव लिटर दुधातून ८-९. चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ म्हणजे साधारण ९. पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून १०. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींतून १२ च्या आसपास. झाले पन्नास, आणि यात कुठेही पनीर टिक्का नाही. उकडलेली अंडी संध्याकाळी गाड्यांवर मिळतात. सोलून घेऊ नका, सालासकट घ्या आणि खोलीत सोला.

खर्डा मात्र जपून. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर मीठ असा तो ऐवज. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खर्डा, पापड, लोणचं आणि रस्सा एकाच ताटात आले की ती हद्द एका जेवणात ओलांडली जाते. मी यातलं एकच निवडते, आणि बहुतेक वेळा खर्डाच निवडते. दह्यात कालवून खाल्ला तर बोराएवढाही पुरतो.

खोलीवरचं खाणं

आठवड्यातले तीन-चार नाश्ते आणि उशीर झालेल्या रात्री खोलीवर निभवायच्या. आगीविना होणाऱ्या आपल्या पदार्थांत दडपे पोह्यांसारखं दुसरं काही नाही. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, किसलेली किंवा चोचवलेली काकडी, लिंबू, मीठ, मूठभर शेंगदाणे. सगळं कालवून वर ताटली दडपून पंधरा मिनिटं ठेवायचं. भाज्यांच्या रसात पोहे भिजतात. ओलं खोबरं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी अडत नाही.

मटकी लॉजवरही मोडवता येते. सकाळी कामावर जाताना मूठभर मटकी डब्यात भिजत घाला. संध्याकाळी पाणी काढून ओल्या रुमालात बांधा, डब्यात ठेवून झाकण किंचित उघडं राहू द्या. दुसऱ्या संध्याकाळी मोड आलेले असतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. ती कच्ची खाऊ नका. जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही मानवते. कडकडीत उकळतं पाणी घालून झाकून दहा मिनिटं ठेवा, पाणी फेका, पुन्हा एकदा तेच करा. मग कांदा, लिंबू, जिरेपूड. सोबत चिरमुरे घातले तर रात्रीचं हलकं जेवण होतं. साली, टरफलं पिशवीत बांधून रोज सकाळी खाली द्यावीत. खोलीत मुंग्या झाल्या की पुढच्या वेळी लॉजवाला बाहेरचं खाणं आत येऊ देत नाही.

दूध, चहा आणि मिसळ

गंगावेशीतला दूध कट्टा एकदा तरी जाऊन बघावा. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तालमीच्या या गावात त्या दुधाला मान आहे, आणि तिथल्या गवळ्यांचं कौतुक मला मनापासून वाटतं. तरीही सवय नसलेल्या माणसानं कच्चं दूध पिऊ नये, असं मी सांगेन. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा आजार होऊ शकतो, आणि परगावी ताप आला तर काम आणि जीव दोन्ही टांगणीला लागतात. धारोष्ण दूध डब्यात घेऊन खानावळीत तापवून मागा. मावशी नाही म्हणत नाहीत. तेवढं जमत नसेल तर गोकुळ किंवा वारणाची अर्धा लिटरची पिशवी घ्या, ते पाश्चराइज केलेलं असतं. म्हशीचं दूध दाट असतं. रात्री एक पेला घेतला तर त्या जेवणात एक भाकरी कमी खाल्लेली चालते.

चहाकडे कुणी ‘खाणं’ म्हणून बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. सहकारी बँक असो की पतसंस्था, टेबलावर तासातासाला चहा येतो. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्के, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. पाच कपांत ५० ग्रॅम झाली. इथे चहा नाकारला की समोरचा दुखावतो, म्हणून नाकारू नका. पहिल्याच दिवशी शिपाईमामांना "मला अर्धा कप, बिनसाखरेचा" असं सांगून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून तो आपोआप वेगळा येतो. दुपारी चारच्या चहाबरोबरच्या बिस्किटांच्या जागी पर्समधले फुटाणे.

मिसळीवर माझा राग नाही. कोल्हापुरी मिसळीच्या तळाशी मटकी असते आणि मटकी हे चांगलंच अन्न आहे. जड होतं ते तीन गोष्टींनी: वरचा तेलाचा तवंग, शेव-फरसाण आणि कटाबरोबर संपत जाणारे ब्रेडचे स्लाइस. इथे मिसळीबरोबर पाव न देता स्लाइस ब्रेड देतात, आणि तो संपला की न विचारता दुसरा येतो. तेव्हा ऑर्डर देतानाच "मटकी जास्त, फरसाण कमी, कट वेगळा वाटीत" असं सांगा. कट चमच्यानं घ्या, तवंग बाजूला सारा, ब्रेड दोनच आणि दही मागून घ्या. सकाळी साडेआठला अशी मिसळ खाल्ली की एक वाजेपर्यंत भूक लागत नाही, आणि दुसरा नाश्ता विकत घ्यावा लागत नाही. आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी नको.

मटणाची रात्र

ती ठेवायचीच. मी बुधवार किंवा रविवार ठरवते, त्या दिवशी दुपारी फक्त दडपे पोहे आणि ताक. रात्री लवकर, साडेसातला बसायचं. थाळीत सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, आणि शेवटी भात येतो. तांबडा म्हणजे मटण शिजवलेलं पाणी आणि कांदा-लसूण मसाला. पांढऱ्यात तेच पाणी, पण नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात. वाढपी आग्रह करतो, "घ्या की ओ, काय होत नाही." पैसे वाढत नाहीत हे खरं, पण मीठ आणि तेल प्रत्येक वाटीला वाढतं. मी एक वाटी पांढरा, एक वाटी तांबडा घेते आणि रिकाम्या वाट्या पालथ्या घालते. भाकरी दोन, भात नाही. दोघीजणी असू तर एक थाळी आणि एक साधं जेवण घेऊन सुकं वाटून घेतो. थाळीतलं मटण दोघींना पुरेसं असतं. जेवल्यावर रिक्षा न करता चालत खोलीवर यायचं. सकाळी लवकर उठवलं तर रंकाळ्याला चालायला जावं, तिथे पहाटेपासून निम्मं गाव चालत असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी इथे अडकले होते. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुण्याची वाट काही दिवस बंद झाली. वरून पावसाचं पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी गत शहराची झाली होती, कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली होती. भाजी येईना, दूध येईना. माझ्या लॉजचं स्वयंपाकघर दुसऱ्या दिवशी बंद पडलं. फुटाणे, चिरमुरे, शेंगदाणे, गूळ आणि पाण्याच्या चार बाटल्या यांवर मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालमीच्या पोरांनी खिचडी आणून दिली. २०२१ च्या जुलैतही महामार्ग असाच बंद झाला होता. त्यामुळे पावसाळ्यात आले की पहिल्याच संध्याकाळी दोन दिवसांचं कोरडं खाणं आणि पाच लिटर पाणी खोलीत आणून ठेवते. पूर नाही आला तर ते परतीच्या वाटेवर संपतं.

बिलाचं काय

इथे पुष्कळ लोक माघार घेतात. खानावळीत जीएसटीचं बिल मिळत नाही, म्हणून नाइलाजानं महागड्या हॉटेलात जेवतात. निघण्याआधीच ऑफिसला एक मेल करून विचारा: जेवणाचा भत्ता रोजचा ठरावीक आहे, की बिलाप्रमाणे? ठरावीक असेल तर वाचलेले पैसे तुमचे. बिलाप्रमाणे असेल तर खानावळीच्या शिक्क्याची साधी पावती चालेल का, आणि रोज किती रुपयांपर्यंत, हे लेखी मागा. मी स्वतः हिशेब तपासणारी आहे. तारीख, नाव, रक्कम आणि सही असलेली साधी पावती नाकारायला मला तरी कारण दिसत नाही. मावशींकडे पावतीपुस्तक नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून एक घेऊन द्या. मंडईतल्या भाजीचा खर्च डायरीत रोज लिहा, आठवड्याला एकत्र दाखवा.

आणि लॉजच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायची वेळ आलीच तर बिल खालपर्यंत वाचा. जीएसटी द्यावा लागतो, सेवाशुल्क मात्र तुमच्या मर्जीवर आहे. ते आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे. शांतपणे काढायला सांगितलं की काढतात.

परतीच्या दिवशी सकाळी मी मावशींकडून चार भाकरी, सुकी उसळ आणि थोडा खर्डा बांधून घेते. पुण्याचा रस्ता २३० किलोमीटरचा, आणि बस थांबते त्या धाब्यावर एका पराठ्याला खानावळीच्या एका जेवणाइतके पैसे पडतात. उसळ दोन तासांच्या आत, कराडच्या आसपास संपवते. भाकरी-खर्डा घरापर्यंत टिकतो, आणि त्यातला अर्धा वाटा मुलगा दारातच मागून घेतो.